मला पोलिओ नव्हता

मला पोलिओ नव्हता. एवढं एक वाक्य वेळेवर बोलायला माझी जीभ वळली नाही. आणि एरवी हीच जीभ अशी, की आमच्या गल्लीतली माणसं मला लांबूनच रामराम करतात. भाजीवाल्याच्या काट्यावर नजर ठेवणं, बँकेच्या रांगेत घुसणाऱ्याला मागे धाडणं, सगळं जमतं मला. तेवढंच एक जमलं नाही.

जन्मले तेव्हा माझ्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, लिंबाएवढा फुगा होता. पातळ कातडीचा, आतून पाणी दिसणारा. मणक्याचं हाड तिथे जुळलंच नव्हतं. माय सांगते, सुईणीने मला पालथं केलं, "अरे देवा" म्हटलं आणि तसंच खाली ठेवलं. बाबांनी कुणाची तरी जीप मागून आणली आणि आमच्या कारध्याहून थेट नागपूर गाठलं. ऑपरेशन झालं, पाठ शिवली, मी वाचले. डावा पाय बारीकच राहिला, उजवा बऱ्यापैकी. पावलांना चटका लागला तरी कळत नाही. लघवी लागलेली समजत नाही, म्हणून दिवसातून पाच वेळा नळी घालून काढावी लागते. हे शेवटचं मी पूर्वी कुणाला सांगत नव्हते, आता सांगते. लाजून काय पदरात पडलं ते पुढे येईलच.

वर्षातून एकदा माझी फाईल काखोटीला मारून माय मला नागपूरच्या डॉक्टरकडे न्यायची. कारध्याचा पूल ओलांडून भंडारा, तिथून एसटी. मी एकोणीस वर्षांची असताना डॉक्टरने विचारलं, "लग्नाचा काही विचार?"

"माह्यासंग कोन करन लग्न?" मी म्हटलं.

तो हसला नाही. म्हणाला, "पाळी येते ना दर महिन्याला? मग मूलही होऊ शकतं. गर्भपिशवी चांगली आहे तुझी. पण तुझ्या बाळाला हेच होण्याचा धोका इतर बायांपेक्षा जास्त. म्हणून मूल पाहिजे असं ठरवलं, की आधी माझ्याकडे यायचं. एक गोळी आहे, जास्त ताकदीची. दिवस राहायच्या तीन महिने आधीपासून घ्यायची. बाळाची पाठ पहिल्याच महिन्यात मिटते, बाईला पाळी चुकल्याचं कळतं न कळतं तोवर. मग धावत येऊन उपयोग नसतो."

त्याने ते फाईलच्या एका पानावर लिहिलं आणि खाली लाल पेनाने दोन रेघा मारल्या. मी ऐकलं, मायनेही ऐकलं. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं असं म्हणायची सोय नाही. परतताना एसटीत खिडकीबाहेर पाहत माय म्हणाली, "लेकरू कायचं होते वो तुले. देवानं चालती ठेवली हेच लय झालं." वाईट बुद्धीने नाही म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

तिशी उलटल्यावर मला पवनीचं स्थळ आलं. मुलगा विणकर, घरी हातमाग, कोशाचं म्हणजे टसर रेशमाचं कापड विणणारा. पस्तिशी ओलांडलेला. मागावर बसणाऱ्याला आता कुणी पोरगी देत नाही आणि पाय घासत चालणारीला कुणी पोरगा देत नाही, म्हणून जमलं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मायने फाईल उचलली आणि धानाच्या कोठीत, धानाखाली खुपसली. लाल रेघांचं पान तेवढं तिने आधीच काढून घेतलं होतं. ते कुठे ठेवलं, मी विचारलं नाही.

"पोलिओ म्हनजो," ती मला म्हणाली. "लहानपनी ताप आल्ता, पाय गेला. बस."

पोलिओ चालतो आमच्याकडे. ताप आला, पाय गेला, विषय संपला. कुळाला लागत नाही, पोटच्या पोराला होत नाही. पोलिओवाल्या दोन पोरी आमच्याच गावातून सासरी गेल्या होत्या, त्यांना लेकरं झाली होती. पाठीतून पाणी निघालेल्या पोरीचं कुणी काही ऐकलेलं नव्हतं, आणि न ऐकलेल्या दुखण्याला लोक काय काय नावं ठेवतात हे मायला ठाऊक होतं. तिने माझ्या होणाऱ्या सासूपुढे हात जोडले. "पोट्टी कामाची आहे वो बाई. पोलिओनं एक पाय तेवढा गेला."

मुलाने मला एकच विचारलं. "कांड्या भरता येईन का?" कांड्या म्हणजे धोट्यात बसवायच्या सुताच्या गुंडाळ्या, बसून चरख्यावर भरायच्या असतात.

"हात धड आहेत माहे," मी म्हटलं.

तो हसला. मला तो तिथेच आवडला, खोटं कशाला बोलू.

लग्न झालं. हळद उतरवायची आंघोळ आमच्याकडे नवरीला सासरी घालतात. मायने बजावून ठेवलं होतं, "लुगडं अंगावरच ठेवजो, पाठ उघडी करू नोको." मी ओलं लुगडं घट्ट धरून पाटावर बसले. सासू स्वतः आली. सासूला आम्ही आत्याबाई म्हणतो. तिने खांद्यावर, मानेवर चोळलं, मग तिचा हात लुगड्याखालून पाठीवर गेला आणि कमरेच्या वर, टाक्यांच्या वळावर थांबला. दोन क्षणांनी तिने तांब्या उचलला. "पानी गरम तं नाही ना वो?"

"नाही, आत्याबाई."

एवढंच. मला वाटलं, हळदीच्या लगद्यात तिला काही कळलं नाही. सुटले बाबा एकदाची.

नवऱ्यापासून नळी लपवणं शक्य नव्हतं. तिसऱ्या दिवशी सांगितलं. "पोलिओमुळे का?" त्याने विचारलं. आणि मी, भाजीवाल्याला न सोडणारी मी, "हाव" म्हटलं. तो म्हणाला, "बरं. आईले नोको सांगू, थे टेंशन घेते." पुढे तोच मेडिकलमधून नळ्या आणायचा, कागदात गुंडाळून, शर्टाच्या आत. माणूस चांगला आहे माझा. त्याला खरं ऐकवायला काय झालं होतं मला, देव जाणे.

घरात आम्ही तिघंच. दिवसभर मागाचा खटखट आवाज. मी चरख्यावर, तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून, आत्याबाई दारात तांदूळ निवडत. दुपारी ती नदीवर झालेल्या भांडणांच्या गोष्टी सांगायची आणि नवरा हसून हसून धागा तोडायचा. मला मूल हवं होतं. फार हवं होतं. लोकांनी वांझ म्हणू नये म्हणून नाही. मला त्या खटखटीत एक लहान रडणं ऐकायचं होतं. आणि गोळी रोज आठवत होती. पण गोळीसाठी नागपूर हवं, नागपूरसाठी फाईल, आणि फाईलसाठी ते एक वाक्य. एकदा हिय्या करून गल्लीच्या टोकाच्या मेडिकलमध्ये गेले. दुकानदार नवऱ्याचा शाळासोबती. "बोला वहिनी, कायची गोळी?" दोन बाया मागे उभ्या. मी डोकेदुखीची गोळी घेऊन परत आले.

दिवाळीत माहेरी जाईन, तिथून गुपचूप नागपूर करीन, असं मनाशी ठरवलं. पाळी दसऱ्याच्या आधीच चुकली.

आत्याबाईने देवापुढे दिवा लावला आणि माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. पण घराबाहेर शब्द काढू देईना. "तीन महिने कोनाले सांगाचं नाही. नजर लागते." आमच्याकडची रीतच ती. डॉक्टर नको, आशाताई नको, माहेरी निरोपसुद्धा नको. मी त्या रीतीचा राग केला असता, एरवी केलाच असता. तेव्हा मला ती बरी वाटली. तीन महिने कुणी काही विचारणार नव्हतं. रोज सकाळी उठून मी मनातल्या मनात म्हणायची, मिटली असेल पाठ. सगळ्यांच्या थोड्याच उघड्या राहतात? मिटली असेल.

चौथ्या महिन्यात आशाताई कार्ड भरायला आली. आत्याबाई शेजारीच सूप घेऊन बसली होती. "आधीचा काही आजार, ऑपरेशन?" आशाताईने विचारलं.

आत्याबाईचा हात सुपातच थांबला. ती माझ्याकडे पाहत होती.

"पोलिओ," मी म्हटलं. "ऑपरेशन नाही."

आशाताईने लिहून घेतलं. आत्याबाई पुन्हा खडे वेचू लागली. आशाताईने रक्तवाढीच्या लाल गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांत थोडं तरी ते औषध असतं असं कुठेसं ऐकलं होतं, म्हणून मी चोरून दोन-दोन खात होते. उशीर झाला हे कळत होतं आणि तरी खात होते.

पाचव्या महिन्यात पोटात फुलपाखरासारखं काही व्हायला लागलं. मी नवऱ्याचा हात धरून पोटावर ठेवायची, त्याला काही लागायचं नाही, तरी तो "हाव, हाव, लागलं" म्हणायचा. लबाड. त्याच आठवड्यात आम्ही दोघं भंडाऱ्याला सोनोग्राफीला गेलो. डॉक्टरीण बाई आधी नवऱ्याशी हसत बोलत होती, मग पडद्याकडे पाहता पाहता बोलायची थांबली. एकाच जागी यंत्र फिरवत राहिली. शेवटी विचारलं, "तुला पाठीचं काही होतं का?"

"पोलिओ आहे मले," मी म्हटलं.

हो, तेव्हाही. पडद्यावर माझं बाळ होतं आणि मी तेव्हाही पोलिओच म्हटलं. याची मला आजही चीड येते. इतकी, की हे लिहिताना पेन दाबलं जातंय.

"कुशीवर हो," ती म्हणाली. तिने ब्लाऊज वर सरकवला, वळ पाहिला. नवरा तिथेच उभा होता. त्याने तो वळ अंधारात किती वेळा चाचपला असेल. मी त्याला लहानपणी पडल्याचं सांगितलं होतं. डॉक्टरीण बाईने त्याच्यासमोर त्या दुखण्याचं खरं नाव घेतलं. तो माझ्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, "काहून नाही सांगतलं?" ओरडला असता तर मी ओरडून उत्तर दिलं असतं. तसं विचारल्यावर मी रडत सुटले.

नागपूरला पाठवलं. तिथे दोन-तीन डॉक्टरांनी पाहिलं. बाळाची पाठ मिटलेली नव्हती. माझ्यापेक्षा खूप वर, खूप जास्त उघडी. डोक्यात पाणी भरत होतं. पाय हलत नव्हते. मग माझ्या पोटात हलत होतं ते काय, मी विचारलं. "हात," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी बळजबरी केली नाही. ठेवलं तर काय काय होऊ शकेल, नाही ठेवलं तर काय, सगळं बसवून सांगितलं. मी विचारलं, गोळी घेतली असती तर? डॉक्टर म्हणाले, खात्री कुणीच देऊ शकत नाही, पण धोका बराच कमी झाला असता. मग म्हणाले, विचार करा, पण फार दिवस नाहीत.

माय कारध्याहून धावत आली होती. वॉर्डाबाहेरच्या बाकावर तिने कमरेची पिशवी काढली आणि चार घड्या घातलेलं ते पान माझ्या हातात ठेवलं. लाल रेघा फिक्या झाल्या होत्या. देवाच्या फोटोमागे ठेवलं होतं म्हणाली. "फाडलं नाही मी, बाई. तुले पोट राहीन असं मले वाटलंच नाही."

मला तिला बोल लावायचा होता. तोंड उघडलं आणि भलतंच विचारलं. "माय, माह्या वेळी तुले असं कोनी इचारलं असतं तं?"

"नाही म्हटलं असतं मी तुले," ती म्हणाली. "वीस वर्साची पोट्टी मी. भेव लागलं असतं, नाही म्हटलं असतं. आन मंग तू कुठून भेटली असती मले?"

ती रडत होती आणि मी तिच्याकडे पाहत होते. मी एकतीस वर्षं जगले होते त्या पाठीनिशी. कांड्या भरल्या, भांडले, लग्न केलं. माझ्यासारखं बाळ नको, असं मी कुठल्या तोंडाने म्हणायचं होतं? आणि माझ्यापेक्षा कितीतरी जास्त सोसायला लागेल असं बाळ मी कुठल्या जिवाने आणायचं होतं? त्या प्रश्नाचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. दुसऱ्या बाईने काय करावं हे मी सांगणार नाही, मला कुणी विचारूही नये.

सिस्टर कागद घेऊन आली. नवऱ्याने पेन हातात घेतलं, निदान अर्धं ओझं आपल्याकडे घ्यावं म्हणून. सिस्टर म्हणाली, "तुमची नाही लागत. बाईचीच लागते फक्त." त्याने पेन माझ्याकडे दिलं. मी सही केली.

पोरगी होती. मी पाहिली नाही, पाहायची हिंमत झाली नाही. नवऱ्याने पाहिली. तोच तिला पांढऱ्या कापडात घेऊन पवनीला गेला आणि वैनगंगेच्या काठी मातीत ठेवून आला. हात लहान लहान होते, एवढंच त्याने मला पुढे कधीतरी सांगितलं.

मायने मला माहेरी नेते म्हटलं, मी सासरी आले. येताना एसटीत नवरा म्हणाला, "आईले पोलिओच राहू दे. बाळाची वाढ नव्हती म्हनून सांगू." मीही मान हलवली. इतकं होऊनही आमचं शहाणपण तेवढंच.

चौथ्या दिवशी छातीत दूध उतरलं. कुणासाठी उतरलं, त्याचं त्याला ठाऊक. आत्याबाईने मागावरच्या कापडाची पट्टी फाडून माझी छाती घट्ट बांधली. मग म्हणाली, "लेकरू हातात नसलं तं का झालं, बाळंतीणच ना तू," आणि रोज दुपारी मला पालथं निजवून तेल लावू लागली, बाजेखाली शेगडी ठेवू लागली. मी पाठ झाकून घ्यायची. ती झाकू द्यायची.

असे दहा-बारा दिवस गेले. एका दुपारी नवरा सूत आणायला गेला होता, माग बंद होता, घर इतकं शांत की शेगडीतला निखारा फुटलेला ऐकू येत होता. आत्याबाईचा हात कमरेपर्यंत आला आणि मला ते सहन होईना. उशीत तोंड खुपसून मी म्हटलं, "आत्याबाई, मले पोलिओ नाही."

तिचा हात थांबला नाही. उलट पहिल्यांदाच तो त्या वळावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तेल जिरवत गेला.

"मले मालूम आहे," ती म्हणाली. "हळदीच्या दिवशीच पाह्यलं. पोलिओ पाठीले टाके घालते का वो, बाई?"

मी उठून बसले. "मंग बोलल्या काहून नाही?"

"तुह्या मायनं हात जोडले होते ना माह्यापुढं. तिचं तोंड कायले पाडू म्हटलं. वाटलं, पोट्टीच सांगन एक दिवस. आशाताईपुढं वाट पाह्यली. तू नाही सांगतलं. तुह्या मनात लपवाचं आहे तं लपू दे म्हटलं, आपल्याले काय करायचं आहे, सून चांगली आहे."

मग मी तिला गोळीचं सांगितलं. पान दाखवलं. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं. मुगाच्या दाण्याएवढी पिवळी गोळी, तीन महिने आधी. ऐकता ऐकता तिने तेलाचे हात स्वतःच्या तोंडावर मारून घेतले. "मले का मालूम, असी गोळी राह्यते म्हनून? मी तं तुह्या मायची लाज झाकत होतो. माहीच नात गेली वो, माय. माहीच नात."

मायने आत्याबाईपासून लपवलं, मी नवऱ्यापासून, नवऱ्याने आईपासून, आणि आईने सगळ्यांपासून हे लपवलं की तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ज्या बाईला फसवायला एवढं सगळं केलं, ती फसलीच नव्हती.

दोन महिन्यांनी आम्ही तिघं नागपूरला गेलो, माहेरच्या कोठीतून काढून आणलेली फाईल आत्याबाईच्या मांडीवर. तेव्हापासून मी ती गोळी घेते. डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे, वाट पाहा. चार वर्षं झाली. पस्तिशी उलटली. दर महिन्याला पाळी येते, कधी एक दिवससुद्धा चुकत नाही.

आत्याबाई रोज सकाळी सडा टाकता टाकता अंगणातून ओरडते, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल अशी. "पाठीची गोळी घेतली का वो?"

"घेतली, आत्याबाई," मीही तेवढ्याच मोठ्याने ओरडते, आणि चरख्यावर जाऊन बसते.